वजीर असताना प्यादं

सूड घ्यायचा असेल तर आधी यादी करावी. राग यादीत मावत नाही, पण कामं मावतात, आणि कामं एकेक करून संपवता येतात. मी आरोग्य विभागात लसींच्या साठ्याचं काम बघते. कुठल्या उपकेंद्राला कोणत्या दिवशी शीतपेटी पोचली पाहिजे, कुठल्या गाडीचा ड्रायव्हर रजेवर आहे, काठी गावच्या होळीच्या आठवड्यात डोंगरातल्या गावांत सत्र लावायचं नाही कारण घरी कुणी सापडणार नाही, हे सगळं मी कागदावर आधी मांडते आणि मग फोन उचलते. ज्या माणसाचा मला सूड घ्यायचा होता त्याचीही मी अशीच मांडणी केली. त्याला तीन वर्षं लागली. घाई नव्हती.

तो माणूस आमच्या गावचा. तापीकाठचं गाव, प्रकाशापासून फार लांब नाही. आमच्या ओट्यासमोर त्यांचं घर. माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान. मला आक्का म्हणायचा आणि माझ्या वडिलांना सगळ्या गावासारखं नाना. आम्हा दोघांना बुद्धिबळ नानांनीच शिकवलं, एकाच ओट्यावर, एकाच पटावर. खरं सांगायचं तर त्याला जास्त शिकवलं. मला चुलीवरून हाक यायची, त्याला येत नसे.

नाना शिकवायचे ते देशी बुद्धिबळ. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. देशी डावात प्यादं सुरुवातीला दोन घरं उडी मारत नाही, एकेक घर चालतं. आरंभी दोघंही आपापली दोन प्यादी सरकवून घेतात आणि मग लढाई सुरू होते. राजाला किल्लेकोट नाही, म्हणजे एका चालीत हत्तीच्या आडोशाला जाता येत नाही. त्याऐवजी, शह बसण्याआधी, सबंध डावात एकदाच त्याला घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. नाना आमच्या बोलीत म्हणायचे, "राजाले एकदाव घोडानी चाल. एकदाव! मंग तो म्हातारा व्हयी जास."

आणि तिथे नुसतं जिंकणं पुरत नाही, कसं जिंकलं तेही बघतात. समोरच्याच्या सगळ्या सोंगट्या ओरबाडून नुसता राजा उरवला तर ती बुर्जी. तिच्याबद्दल कुणी चहासुद्धा पाजत नाही. वजिराने किंवा हत्तीने मात केली तर डाव जिंकला, एवढंच. प्याद्याने मात केली तर ती प्यादेमात. आमच्या ओट्यावर प्यादेमात खाल्लेला माणूस त्या दिवशी परत पटाला बसत नसे. चपला घालून घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी गावात ते माहीत असायचं.

तो मुलगा शिकला, इंजिनियर झाला, पाटबंधारे खात्यात साहेब झाला, नंदुरबारला बंगला बांधला. तिथे तो आंतरराष्ट्रीय नियमांचं बुद्धिबळ शिकला. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मीही नंतर शिकले. तक्रार पुढची आहे.

शहाद्याला थंडीत एक स्पर्धा भरते. लग्नसराई सुरू व्हायच्या आत मंगल कार्यालय स्वस्तात मिळतं म्हणून. पहिल्यांदा मी खेळायला गेले तेव्हा चाळिशी जवळ आली होती. नियम वाचून गेले होते, किल्लेकोट शिकून गेले होते. नाना हौसेने सोबत आले होते. धुतलेलं धोतर, टोपी, आणि मागच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गावातले त्यांच्या वयाचे चार-पाच जण. दवाखाना, बाजार, काही ना काही काढून आलेले. दुसऱ्या फेरीत माझ्यासमोर तो आला.

डाव बरा चालला होता. मग त्याच्या वजिराने माझ्या राजाच्या दिशेने तोंड काढलं, आणि माझ्या हाताने राजा उचलून अडीच घरांवर ठेवला. मी नाही ठेवला, हाताने ठेवला. तीस वर्षं जो हात तेच करत आला होता त्याला नियमाचं पुस्तक वाचता येत नव्हतं. मी घड्याळाची कळ दाबली आणि कळ दाबता दाबताच मला कळलं.

त्यालाही कळलं. जगात त्या हॉलमध्ये तोच एक खेळाडू होता ज्याला माझ्या हाताने काय केलं ते नीट कळलं असेल. तो हळूच म्हणू शकला असता, आक्का, हे ओट्यावरचं झालं. नियमाप्रमाणे दंड घ्यायचा तो घेतलाच असता, माझी हरकत नव्हती. त्याने घड्याळ थांबवलं, हात वर केला आणि पंचांना बोलावलं.

"सर, मॅडमचा राजा घोडा झालाय."

पंच तरुण होता. त्याने चाल रद्द केली, त्याला वेळ वाढवून दिला आणि मला सांगितलं की राजाला हात लागला आहे, तेव्हा राजाच हलवावा लागेल. किल्लेकोट करायला वाट नव्हती. राजाला एक घर पुढे, उघड्यावर, यावं लागलं. आठ-दहा चालींत मात झाली.

इथपर्यंत ठीक. मात झाल्यावर तो उठला, खुर्ची मागे सरकवली आणि आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात, हसत हसत, पुस्तकी मराठीत म्हणाला, "काय आहे, आम्हाला लहानपणी शिकवणाऱ्यालाच नियम माहीत नव्हते. मला ते सगळं विसरायला दोन वर्षं लागली. मॅडम अजून तिथेच आहेत."

लोक हसले. वाईट हसले असं नाही. साहेबाने विनोद केला म्हणून हसले. मी मागे वळून पाहिलं तर नाना चपला शोधत होते. त्यांची एक चप्पल खुर्चीखाली गेली होती आणि ती पायाने ओढून काढताना ते वर बघत नव्हते. शेजारचे म्हातारेही वर बघत नव्हते.

स्कूटीवर मागे ते गावापर्यंत टोपी हाताने धरून बसले होते. घरी आल्यावर मीच म्हणाले, "नाना, त्यानं असं बोलाले नको व्हतं."

"त्यानं काय खोटं सांगं?" नाना म्हणाले. "माले कोठे माहीत व्हता त्यासना नियम?"

कापडी पट त्यांनी घडी केला, सोंगट्या पिशवीत भरल्या आणि पिशवी धान्याच्या कोठीमागे ठेवून दिली. आमच्या ओट्यावर त्यानंतर डाव मांडला गेला नाही. म्हातारे येत, बसत, केळीच्या भावाबद्दल बोलत, उठून जात. कुणी पटाचं नाव काढलं तर नाना म्हणत, "डोयाले दिसस नही आते." दिसत त्यांना सगळं होतं. समोरच्या रस्त्याने कुणाची बैलजोडी गेली ते बिनचूक सांगायचे.

मला हवं होतं ते एवढंच: त्याच हॉलमध्ये, त्याच म्हाताऱ्यांसमोर, त्याला अशी मात बसावी की तिचा अर्थ फक्त त्याला आणि त्यांना कळेल. आणि नानांनी ज्या डावावरचा हात काढून घेतला त्याच डावाने बसावी.

यादीत पहिलं काम: तो काय खेळतो ते बघणं. हे सोपं होतं. साहेब मोबाइलवर रोज खेळतात आणि तिथले डाव कुणालाही बघता येतात. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडून त्याचे डाव बघत बसायची. ऑफिसातल्या पोरींना वाटायचं मी मालिका बघते. काही महिन्यांत मला तो बऱ्यापैकी पाठ झाला. त्याला ठरलेल्या सुरुवाती आवडतात. समोरच्याने राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं तर हे, वजिरापुढचं टाकलं तर ते, पहिल्या दहा-बारा चाली तो विचार न करता खेळतो, आणि तेवढ्यात समोरचा अडखळला की हल्ला. समोरचा अडखळला नाही तर त्याचा जीव वर-खाली होतो. मग तो स्वतःची प्यादी पुढे ढकलायला लागतो. प्यादं मागे येत नाही, हे तो दर वेळी विसरतो. आणि तो प्याद्यांकडे बघतच नाही, ना त्याच्या, ना समोरच्याच्या. वजीर दिसला की त्याला बाकी पट दिसत नाही.

दुसरं काम: सुरुवात ठरवणं. पुस्तकी सुरुवातीत मी त्याला गाठू शकत नव्हते. तो त्या वाटेने रोज जातो, मी रविवारी जाते. मग मी नानांची मांडणी घेतली. दोन घरांची उडी मारता येते म्हणजे मारलीच पाहिजे असं आंतरराष्ट्रीय नियम म्हणत नाहीत. एकेक घर सरकायची मुभा तिथेही आहे. राजापुढचं प्यादं एक घर, वजिरापुढचं एक घर, दोन्ही टोकांना घोड्यापुढचं प्यादं एक घर, आणि त्या प्याद्यांमागे जी खिडकी तयार होते तिच्यात एकेक उंट. दोन्ही उंट दोन्ही कोपऱ्यांतून सबंध पटावर तिरके बघत बसतात. घोडे घरापाशीच. कुणावर चालून जायचं नाही. इंटरनेटवर शोधलं तर अशा संथ मांडण्यांना मोठी मोठी नावं होती आणि त्यातल्या कितीकांत 'इंडियन' हा शब्द होता. हे मी नानांना सांगितलं नाही. तेव्हा पटाबद्दल काही ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत ते नव्हते.

फक्त एकदा विचारलं. ते अंगणात शेंगा निवडत होते.

"नाना, आपली मांडणी पुरी झायी, आन् समोरना वनाच नही आपलावर, तर?"

त्यांनी वर पाहिलं. कुणाबद्दल विचारते आहे ते त्यांना विचारावं लागलं नाही.

"तो येईच," ते म्हणाले. "त्याले गुमचूप बठता येस नही. पोऱ्या व्हता तधयपासून." आणि शेंगा निवडता निवडता जरा हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

मधली दोन वर्षं मी स्पर्धेला गेले पण गाठ पडली नाही. एकदा मी आधीच हरले, एकदा तो आला नाही. गेल्या थंडीत चौथ्या फेरीची जोडी भिंतीवर लागली आणि त्याच्या नावासमोर माझं नाव होतं. पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे. नाना घरीच होते. त्या दिवसानंतर ते या हॉलमध्ये आले नाहीत. पण मागच्या खुर्च्यांवर त्यांचे तीन दोस्त होते. मीच त्यांना गाडी करून दिली होती. त्यांनी कारण विचारलं तेव्हा मी म्हणाले, चला, जेवण चांगलं असतं.

तो आला, बसला, हात मिळवला.

"काय मॅडम, आज राजा कसा चालणार?"

"बघालच साहेब."

मी राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं. तो हसला आणि आपलं दोन घरं टाकलं. मी घोड्यापुढचं एक घर. तो घोडा घेऊन आला. मी वजिरापुढचं एक घर. चारेक चाली झाल्यावर तो मागे रेलला.

"मॅडम, डाव मांडताय की रांगोळी?"

"साहेब, बोलू नका," पंच म्हणाला. दरवर्षीचाच पंच, आता थोडा जाडा झालेला.

रांगोळीच होती. मी माझ्या तीन ओळींत बसले आणि पाठ केलेल्या त्याच्या सगळ्या चाली निरुपयोगी झाल्या. त्याने किल्लेकोट केला, राजा सुरक्षित केला, सगळं पुस्तकासारखं केलं आणि मग त्याला करायला काही उरलं नाही. तो वाट बघेना. मधलं प्यादं ढकललं. मग बाजूचं. मग त्याच्या शेजारचं. प्रत्येक चालीनंतर माझ्याकडे बघायचा, आता तरी ये. मी घोडा एक घर इकडे, वजीर एक घर तिकडे. घड्याळ माझं जास्त खर्च होत होतं, कारण मी प्रत्येक चाल दोनदा तपासत होते. ती माझी सवय आहे आणि ती मला कधीतरी महागात पडणार हे मला माहीत आहे.

अखेर तो आलाच. एक हत्ती थेट माझ्या घरात घुसवला. त्याने पुढे ढकललेली प्यादी आता मध्येच लोंबकळत होती आणि त्यांच्या मागे सबंध पट मोकळा पडला होता. माझे दोन्ही उंट इतका वेळ खिडकीत बसून होते. एकाने मधलं प्यादं उचललं आणि तिथे पटाच्या मध्यावर ठाण मांडलं. दुसऱ्याची तिरकी वाट आपोआप उघडी झाली, पार त्याच्या राजाच्या कोपऱ्यापर्यंत. माझं एक प्यादं या गडबडीत मधल्या रेषेच्या पुढे जाऊन उभं राहिलं होतं. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आता पट असा होता. त्याचा राजा कोपऱ्यात, पुढे त्याचीच दोन प्यादी भिंतीसारखी. शेजारचं घर मोकळं, पण माझा मध्यावरचा उंट ते रोखून होता. त्याचा हत्ती माझ्या घरात लूटमार करत होता, म्हणजे त्याची शेवटची ओळ उघडी होती. माझा वजीर बाजूला उभा. वजीर शेवटच्या ओळीत उतरवला की मात. एक चाल. पाचवीतल्या मुलालाही दिसेल.

माझा हात वजिराकडे गेला नाही.

कारण माझं ते प्यादं. ते एक घर पुढे सरकलं असतं तर त्यानंतरच्या चालीत त्याच्या राजापुढचं प्यादं मारून, दुसऱ्या उंटाच्या जोरावर, राजाला मात करू शकत होतं. मात्र मध्ये एक चाल त्याला द्यावी लागणार होती. त्या एका चालीत त्याने कडेचं प्यादं जरा सरकवलं तर राजाला हवा मिळत होती, मग वजिराची मात गेली, प्याद्याची गेली, आणि माझ्या घड्याळात मिनिटभरही नव्हतं. वेळेवर मी हरले असते. त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांसमोर, जिंकलेला डाव घालवून. त्यावर तो काय बोलला असता तेही मला शब्दाशब्दाने माहीत होतं.

पण वजिराने मात केली तर तो काय म्हणाला असता? छान खेळलात मॅडम. हात मिळवला असता, भिंतीवरच्या कागदावर एक आकडा बदलला असता आणि तो चहा प्यायला गेला असता. त्याला काहीच लागलं नसतं. मला त्याला लागायला हवं होतं.

मी प्यादं एक घर सरकवलं आणि कळ दाबली.

त्याने लगेच वजीर पाहिला. मला त्याच्या डोळ्यांत दिसलं, वजिरावरून शेवटच्या ओळीवर आणि परत वजिरावर. सुटलो, असं त्याला वाटलं असणार. बाईला दिसलंच नाही. त्याने झटकन हत्ती मागे घेतला, थेट आपल्या शेवटच्या ओळीवर, पहाऱ्याला. ठक्कन ठेवला आणि वर थोडं हसलाही.

मी प्याद्याने प्यादं मारलं आणि हात काढून घेतला.

"शह," तो स्वतःशीच म्हणाला आणि राजाला हात घालायला गेला. हात वरच राहिला. शेजारचं घर उंटाकडे. प्यादं मारावं तर त्याच्यामागे दुसरा उंट. कडेला त्याचं स्वतःचं प्यादं. हत्ती लांब ओळीवर उभा, काही कामाचा नाही. तो हात तसाच धरून बसला. त्याचं घड्याळ चालू होतं.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नानांच्या दोस्तांपैकी एक काठी टेकत टेबलाच्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याला घड्याळाचं, पंचाचं काही नव्हतं.

"ये भो!" तो मागच्यांना म्हणाला. "प्यादाघाई मारं रे त्याले! वजीरले हात बी नही लावा!"

"काय सांगस? प्यादेमात?"

"ये ना, देख ना! नानानी आंडेर शे ती." आंडेर म्हणजे लेक.

पंच "बाबा, शांत, शांत" म्हणत धावला. आजूबाजूची तरुण मुलं बघायला लागली आणि त्यांना काही कळेना. मात म्हणजे मात, कशाने का होईना. एक म्हणाला, "मॅडम, आधीच्या चालीला वजिराने होतं ना?" मी म्हणाले, "हो."

त्याने राजा आडवा केला. चेहरा कसा झाला ते मी मुद्दाम पाहिलं. त्याच्यासाठीच इतकी वर्षं घालवली होती, तेव्हा न बघण्याचा मोठेपणा मी केला नाही. कान लाल झाले होते. कागदावर सही करताना पेन उमटलं नाही, त्याने ते झटकलं आणि परत सही केली. मग वर न बघता, साहेबाची मराठी सोडून, आमच्या बोलीत म्हणाला, "वजीर व्हता ना तुन्हापा."

"व्हता."

"दिसना व्हता तुले."

"दिसना व्हता," मी म्हणाले. स्वच्छ दिसला होता.

त्याने मान हलवली. म्हातारे मागे एकमेकांना पट समजावून सांगत होते, कोणता उंट कुठे होता त्यावर त्यांचं भांडणही लागलं होतं. मला तेव्हा जे वाटलं त्याला समाधानच म्हणतात. पुढची फेरी मी एका बारावीतल्या मुलीकडून सरळ हरले आणि बक्षिसातून बाहेर गेले. काही वाटलं नाही. माझी स्पर्धा संपली होती.

मी गाडी काढायला बाहेर आले तेव्हा तो फाटकापाशी उभा होता. निघून गेला असेल असं मला वाटलं होतं.

"आक्का," तो म्हणाला. किती वर्षांनी ते मी त्याच्या तोंडून ऐकलं.

मी हेल्मेट घातलं.

"नाना कसा शेतस?"

"बरा शेतस."

"अजून खेयतस का?"

"नही."

"कसाले?"

मी हेल्मेटचा पट्टा आवळला. त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली, बोटाभोवती फिरवली. "तू आज ती मांडणी लाई ना," तो म्हणाला, "माले चवथी चालपासून ओयखू यी ऱ्हायनी व्हती. मी तरी आंगवर गवू. नाना माले हाईच सांगेत, दम धर, दम धर." मग जरा हसला. "नानाले सांग, मी ऐतवारले येस. जुना नियमघाई एक डाव मांडू. राजाले घोडानी चाल, सगळं. माले नानाना हाते हारनं शे."

तो खरं बोलत होता. मला ते कळत होतं, आणि म्हणूनच सांगते की मी पुढे जे बोलले ते रागाच्या भरात नव्हतं. ते मी विचार करून बोलले. नानांच्या बरोबरीचा खेळणारा गावात कुणी उरलेला नाही. म्हातारे आहेत ते कसेबसे खेळतात. मी खेळते, पण मला नाना मुलगी म्हणून जिंकू द्यायचे. पट पिशवीतून बाहेर काढायला लावेल असा एकच माणूस होता आणि तो माझ्यासमोर किल्ली हातात खेळवत उभा होता. दोन वाक्यांत सगळं जागेवर आलं असतं.

"येऊ नको," मी म्हणाले.

"आक्का, त्या मन्हा बी नाना शेतस."

"व्हतात. तू त्या हॉलमा सांगं ना सगळासमोर, तुले इसराले दोन वरीस लागनात. इसरना ना? मंग ऱ्हाऊ दे इसरेल."

किल्ली खेळवणारा त्याचा हात थांबला. आज दुसऱ्यांदा त्याला चाल सापडत नव्हती. मी स्कूटी सुरू केली. फाटकातून वळताना आरशात दिसला, तिथेच उभा.

घरी पोचले तोवर बातमी माझ्या आधी आली होती. म्हाताऱ्यांच्या गाडीने वाटेत मला मागे टाकलं होतं. नाना ओट्यावर बसले होते, सरळ, टोपी घालून.

"प्यादाघाई?" ते म्हणाले.

"हा."

"कोणतं?"

मी बोटाने ओट्यावरच्या धुळीत चौकोन काढून दाखवला: राजा इथे, दोन उंट असे, प्यादं असं आलं. ते वाकून बघत होते. डोळ्यांना सगळं दिसत होतं. वजीर कुठे होता ते दाखवल्यावर त्यांनी झटकन माझ्याकडे पाहिलं.

"कडनं प्यादं सरकाडतं तर तू हारती व्हती."

"नही सरकाडं त्यानी."

"नही सरकाडं," ते म्हणाले. "वजीर देखीसनी घाबरना." आणि पुन्हा ते तसंच हसले, शेंगा निवडताना हसले होते तसं. मग विचारलं, "काय बोलना तो?"

"काही नही."

"काहीच नही?"

"काहीच नही, नाना."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तो बोल्याबिगर जाव्वा नही," असं म्हणाले. मला की स्वतःला, कळलं नाही. मी आत जाऊन कणीक मळायला घेतली. बाहेरून त्यांनी हाताने धूळ पुसल्याचा आवाज आला.

पुढच्या रविवारी ते सकाळपासून ओट्यावर बसून होते. रस्त्याकडे तोंड करून. त्या म्हाताऱ्यांपैकी कुणी फाटकापाशी काही ऐकलं असेल तर मला माहीत नाही. मी विचारलं नाही. दुपारी जेवायला हाक मारली तर म्हणाले, थांब जरा. मी ताट झाकून ठेवलं आणि माझ्या कामाला लागले. तो आला नाही. मी सांगितलं होतं, येऊ नको, आणि या वेळी त्याने ऐकलं.

नानांना मी त्याचा निरोप अजून दिलेला नाही. देणारही नाही.